दोन जावा आणि एक जावई

मित्रांनो, मला इथे सगळे जावई म्हणतात. पण माझं लग्न झालेलं नाही आणि होण्याची काही चिन्हंही नाहीत. मी चादरींच्या घड्या घालणारं एक जुनं यंत्र आहे. एका मोठ्या लाँड्रीत, इस्त्रीच्या रोलरच्या पुढे, भिंतीच्या कडेने उभा असतो. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इथे धुवायला येतात. तुम्ही कधी आजारी पडून दवाखान्यात झोपला असाल, तर तुमच्या अंगाखालची चादर माझ्या पोटातून गेलेली असू शकते. आभार मानू नका. मला त्याची सवय नाही.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे बरेच जण ओळीने उभे होते. जाड चष्म्याच्या एक इंजिनिअरबाई माझी परीक्षा घ्यायच्या. एकच निळी चादर त्या पुन्हा पुन्हा माझ्या तोंडात द्यायच्या आणि मी ती पुन्हा पुन्हा घडी करून त्यांच्या हातात ठेवायचो. मला पुढे एक काचेचा डोळा आहे. त्याने मी चादर किती लांब आहे ते बघतो. मग पट्टा तिला आत ओढतो, वाऱ्याचा एक फुसकारा तिला मधोमध दुमडतो, दुसरा फुसकारा आणखी दुमडतो, आणि मागच्या बाजूला चौकोनी घडी बाहेर पडते. शेवटच्या परीक्षेनंतर बाईंनी माझ्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाल्या, "शहाणा आहे हा." त्या एका थापेवर मी पुढे किती दिवस काढले, ते माझं मला माहीत.

मग मला खोक्यात घातलं, आणि खोकं उघडलं ते या लाँड्रीत.

तेव्हा इथे एक लांबलचक पत्र्याचं टेबल होतं. चार बायका दोन-दोनच्या जोडीने तिथे चादरींच्या घड्या घालायच्या. मला त्यांच्या शेजारीच उभं केलं. मुकादम, म्हणजे या हॉलचा कारभारी, गळ्यात शिट्टी अडकवलेला गोल माणूस, माझ्याभोवती पिंगा घालत होता. "हात लावू नका! लांबून बघा! अहो, लांबून!" माझ्यासाठी वेगळी वायर ओढली. मी तापू नये म्हणून भिंतीवरचा पंखा फिरवून माझ्याकडे केला. तो पंखा तोपर्यंत बायकांच्या डोक्यावर वारा घालत होता.

"आला गं जावई," त्यांच्यातली थोरली पदराने मान पुसत म्हणाली. "आता याचे लाड करा, आणि रुसला तर हातापाया पडा."

सगळ्या खळखळून हसल्या. मीही आतल्या आत फुललो. जावई म्हणजे घरातला मानाचा माणूस, असं मला वाटलं. ज्याच्या येण्याने घरातल्यांच्या पोटात गोळा येतो, तोही जावईच असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ते मला त्याच दुपारी कळलं. मुकादमाची काचेची केबिन माझ्या अगदी शेजारी आहे, आणि तिची खिडकी कधीच नीट लागत नाही. आत मालक बसले होते. मालक वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्यांना दुष्ट ठरवून मोकळे व्हाल. स्वतः इस्त्री करत करत ते मालक झालेले आहेत. त्यांच्या मनगटावर अजून भाजल्याचा डाग आहे.

झालं असं होतं की सरकारने किमान पगार वाढवला होता. याच्या खाली कुणालाही पगार द्यायचा नाही, असा कायदाच निघाला होता. बायकांनी त्या आनंदात टेबलावर चहा मागवून प्यायला होता म्हणे.

"पगार वाढायलाच हवा होता," मालक म्हणत होते. "इतक्या कमी पगारात माझं तरी घर चाललं असतं का? पण दवाखानेवाले मला धुलाईचा दर वाढवून देत नाहीत. मी गेलो, हात जोडले, चहा पाजून परत पाठवलं त्यांनी. चौघींना वाढीव पगार द्यायचा, तर एक दिवस लाँड्रीला कुलूप लावायचं."

"मग काय करायचं?" मुकादमाने विचारलं.

"मग तो बाहेर उभा केलाय ना, हप्त्यावर आणलेला. त्याच्या तोंडात चादर द्यायला एक बाई पुरते. एकीला ठेव. वाढीव पगार दे, पूर्ण दे. बाकीच्यांना सांग."

मित्रांनो, इंजिनिअरबाईंची थाप त्या क्षणी माझ्या पत्र्यावरून पुसली गेली. मी हुशार आहे म्हणून मला आणलेलं नव्हतं. त्या चौघी महाग झाल्या होत्या म्हणून आणलं होतं.

माझा एक भाग यायचा राहिला होता. तो येईपर्यंत मी नुसता उभा होतो आणि बायका काम करत होत्या. त्या दिवसांत मी त्यांना मन लावून पाहिलं. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं.

चार जणींपैकी दोघी मला फार लवकर सोडून गेल्या, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला विशेष सांगता येणार नाही. एक लेकीकडे राहायला गेली, दुसरीने एका शाळेत झाडू मारायचं काम धरलं. उरल्या त्या थोरली आणि धाकटी. या दोघी सख्ख्या जावा. दोन भावांच्या बायका. एकाच घरात मध्ये प्लायवूडची भिंत घालून राहायच्या, आणि घरी एकमेकींशी अवाक्षर बोलायच्या नाहीत. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून दोघा भावांचं बिनसलं होतं. भाऊ बोलत नाहीत, तर आपण आधी बोलून नवऱ्याची मान खाली का घालायची, या हट्टाने दोघींनी अबोला धरला होता. सासरे जाऊन किती काळ लोटला, पण अबोला जागेवरच होता.

आता गंमत बघा. चादरीची घडी एकटीने होत नाही. एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन. आधी झटकायची, मग ताणायची, मग दोघींनी एकमेकींकडे चालत यायचं, आणि एकीने आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे. परत मागे, परत ताण, परत जवळ. मुकादमाने या दोघींची जोडी लावली ती त्यांची उंची सारखी म्हणून. त्याला घरचं काय ठाऊक!

लांब असताना त्या फक्त "ओढ", "धर", "आण" एवढंच बोलायच्या. हे काही बोलणं नव्हे, हे काम. पण कोपरे हातात देताना दोघींची तोंडं अगदी जवळ यायची, आणि त्या क्षणी एक वाक्य हळूच निसटायचं.

"पोरीचा दमा कसा आहे?" थोरली विचारायची, आणि मागे सरकायची.

पुढच्या घडीला धाकटी जवळ आली की उत्तर यायचं. "काल बरी होती."

आणखी एक घडी. "तुमच्या हाताला आल्याचा वास येतोय. काढा केलात का?"

"केला. जास्तीचा आहे. मोरीच्या कठड्यावर ठेवते, गुपचूप घेऊन जा."

असा तो संसार होता. घरी अबोला, आणि इथे चादरीच्या आडोशाला एक-एक वाक्य. दिवसभरात ढीगभर चादरी व्हायच्या, म्हणजे तसं पाहिलं तर पुष्कळ बोलणं व्हायचं. आणि मी त्या चादरी खाऊन टाकायला आलो होतो.

दोघींपैकी कुणाला ठेवायचं, हे मुकादम सांगेना. दोघींचा जीव टांगणीला लागला. घडी घालताना त्या आता बोलेनाशा झाल्या, कारण बोलण्यासारखं एकच होतं आणि तेच काढायचं कुणाला धाडस होईना.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत थोरली केबिनमध्ये गेली. धाकटी डबा धुऊन परत येत होती. तिने काचेतून थोरलीची पाठ पाहिली आणि ती जागच्या जागी थांबली. आतलं तिला ऐकू येत नव्हतं. मला येत होतं.

"साहेब, एकीलाच ठेवायचं असेल तर धाकटीला ठेवा," थोरली म्हणत होती. "तिच्या पोरीला दमा आहे. औषध चुकून चालायचं नाही. माझं काय, मी कुठेही चार घरची भांडी घासेन."

मुकादमाने शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली आणि सोडली. "बाई, ठरलंय. तुम्ही राहताय. धाकटीच्या रजा फार झाल्या."

"त्या पोरीपायीच झाल्या हो!"

"मला माहीत आहे. मालकांनी हजेरी बघितली, पोरगी नाही बघितली. माझ्या हातात काही नाही."

थोरलीने पदर खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "मी आले होते हे तिला कळू देऊ नका. उपकार केल्यासारखं दिसेल. तिला ते सोसायचं नाही."

दुसऱ्याच दिवशी मुकादमाने निर्णय सांगितला. धाकटीने काय समजायचं ते समजून घेतलं.

मेकॅनिक आला आणि माझा राहिलेला भाग बसवू लागला. शेजारी दोघी जावा शेवटच्या काही चादरींच्या घड्या घालत होत्या. धाकटीची मान ताठ होती. शेवटची चादर झटकली, ताणली. धाकटी कोपरे घेऊन चालत आली, थोरलीच्या हातात दिले आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मिळालं ना मनासारखं?"

थोरलीने तोंड उघडलं. ती सांगणार होती. माझा डोळा तिच्यासमोरच होता, मी तिचे ओठ पाहिले. आणि त्याच क्षणी मेकॅनिकने बटण दाबलं.

मित्रांनो, त्या हॉलमधला माझा तो पहिला आवाज. केवढा मोठा! पट्टे फिरायला लागले, वारा फुसकारायला लागला, पत्रा थरथरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरली काहीतरी बोलत होती, पण धाकटीला त्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नाही. तिने पिशवी उचलली आणि ती निघून गेली. त्यांच्या हातातली ती चादर मुकादमाने घेतली आणि माझ्या तोंडात दिली. मी तिची इतकी सुरेख घडी घातली की मालक म्हणाले, "वा!"

त्यानंतरची माझी वर्षं कौतुकात गेली, असंच म्हणावं लागेल. मालक पाहुण्यांना घेऊन यायचे आणि मला दाखवायचे. "थकत नाही, रजा घेत नाही, चहा मागत नाही." पाहुणे माना डोलवायचे. मी तेव्हा उगीच जास्त जोरात फुसकारायचो. मोठेपणाची हौस कुणाला नसते?

पण पाहुणे गेले की हॉलमध्ये मी आणि थोरली. बस्स. टेबल मागच्या अंगणात खोकी ठेवायला गेलं. थोरली माझ्यासमोर उभी राहून एकेक चादर माझ्या तोंडात द्यायची. दोन कोपरे पट्ट्यावर ठेवायचे. पट्ट्याची ओढ लागली की सोडून द्यायचं. ओढ लागली की सोड. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. तिला चालावं लागत नव्हतं, कुणाच्या जवळ जावं लागत नव्हतं. पगार खरोखरच वाढला होता आणि वेळेवर मिळत होता. पगाराच्या दिवशी ती आनंदाने यायची, आणि पाकीट पदराखाली सारलं की तिचा चेहरा उतरायचा.

आणि ती माझ्याशी बोलायला लागली.

"जावईबापू," ती कोपरे ठेवता ठेवता म्हणायची, "आज तिने मला नळावर बघितलं आणि रिकामी बादली घेऊन परत गेली." पुढची चादर. "पोरगी फार खोकते हो. भिंतीतून ऐकू येतं. आता काढासुद्धा ठेवता येत नाही कठड्यावर. एकदा ठेवला, तर तसाच राहिला, मुंग्या लागल्या." पुढची चादर. "चार घरची भांडी मी घासणार होते. ती घासते. हात बघितलेत का तिचे?"

ती थांबायची. जणू पुढची चादर आली की उत्तर येईल. तिला तीच सवय होती ना! पण मी काय उत्तर देणार? मला सगळं ठाऊक होतं. केबिनमधलं अक्षर न् अक्षर मला पाठ होतं. धाकटी कधी समोर आली असती आणि मला वाचा असती, तर मी एका दमात सांगून टाकलं असतं. पण मला फक्त घडी घालता येते. मी तिची चादर ओढून घ्यायचो आणि चौकोन करून मागे टाकायचो. माणसाने मन मोकळं करावं आणि समोरच्याने गपचूप घडी करून ठेवून द्यावी, याहून वाईट ऐकणं दुसरं नसेल. मी फार एकटा होतो, मित्रांनो, आणि ती माझ्याहून एकटी होती.

हळूहळू माझं कौतुकही आटलं. पाहुणे यायचे बंद झाले. आधी एक काका रोज झाडू मारून झाल्यावर हवेच्या पाइपने माझ्या अंगातला कापूस उडवायचे. चादरींचा बारीक कापूस असतो ना, तो सगळीकडे बसतो. पगार पुन्हा एकदा वाढला तेव्हा त्या काकांनाही घरी बसवलं. त्यांचं काम थोरलीच्या गळ्यात पडलं. तिला चादरींमधून मान वर करायला फुरसत नव्हती, ती तरी काय करणार? माझ्या डोळ्यावर कापसाचा थर बसत गेला. चादरी मला धूसर दिसायला लागल्या. मी अंदाजाने घड्या घालू लागलो. वाकड्या आल्या की मुकादम माझ्या पत्र्यावर लाथ मारायचा. बाईंची थाप आणि ही लाथ, दोन्ही एकाच जागी बसल्या.

मग गावात तापाची साथ आली. दवाखाने भरले. चादरींच्या ट्रॉल्या दारापासून रोलरपर्यंत लागल्या. आणि भर गर्दीत मला एक चादर दिसलीच नाही. ती पट्ट्यात गुंडाळली गेली, पट्टा ताणला, फट् करून तुटला आणि मी बंद पडलो.

"रुसला!" मुकादम डोक्याला हात लावून ओरडला. "आजच रुसायचं होतं याला?" मेकॅनिक म्हणाला, नवा पट्टा उद्या मिळेल. इकडे दवाखान्यातून फोनवर फोन. पेशंट उघड्या गादीवर झोपलेत म्हणाले.

"हाताने घाला बाई घड्या! पूर्वी घालतच होता की!"

"एकटीने कशा घालू, साहेब?" थोरली म्हणाली. "चादरीला दोन टोकं असतात."

मुकादमाने ट्रॉल्यांच्या रांगेकडे पाहिलं. मग त्याने फोन काढला आणि धाकटीला बोलावलं. एका दिवसाची मजुरी, रोख.

ती आली. बारीक झाली होती. थोरलीकडे न बघता तिने अंगणातून टेबल ओढून आणायला हात लावला. दोघींनी टेबल पुसलं. पहिली चादर घेतली, झटकली. "धर" नाही की "ओढ" नाही. धाकटीने ताण देण्यासाठी चादर ओढली.

आणि थोरलीने सोडून दिली!

ओढ लागली की सोडायचं, ही सवय तिच्या बोटांत इतकी मुरली होती की तिला कळलंच नाही. धाकटी तोल जाऊन मागे गेली आणि चादरींनी भरलेल्या ट्रॉलीत धपकन बसली. पाय वर, चादर तोंडावर. ट्रॉली चाकांवर हळूहळू सरकत गेली आणि केबिनच्या दारावर आदळली.

"अगं बाई!" थोरली किंचाळली.

चादरीखालून आवाज आला. "सोडता काय अशा? जीव घ्याल माझा!"

"जावयाची सवय गं! तो ओढतो, मी सोडते!"

धाकटीला हसू आवरेना. पण उठून उभी राहिली तेव्हा तिचं तोंड पुन्हा कडू झालं होतं. दोघींनी दुसरी चादर घेतली. ताणली, जवळ आल्या. थोरलीच्या हातात कोपरे देताना धाकटी म्हणाली, "सोडायची सवय तुम्हाला जावई यायच्या आधीपासूनच आहे." आणि मागे सरकली.

माझे सगळे पट्टे ढिले पडले होते, तरी मला ताण जाणवला.

पुन्हा जवळ आल्या. "मी नाही सोडलं तुला," थोरली म्हणाली.

पुन्हा जवळ. "मग केबिनमध्ये कशाला गेला होतात? पाहिलं मी."

"तुला ठेवा, मला काढा, म्हणून सांगायला."

धाकटी मागे सरकायची विसरली. चादर दोघींच्या मध्ये झोळीसारखी लोंबत राहिली. "खोटं," ती हळूच म्हणाली.

"मुकादमांना विचार."

धाकटीने तिथूनच विचारलं. मुकादम माझ्या पोटात हात घालून अडकलेली चादर काढत होता. त्याने मान वर केली आणि शिट्टीशी चाळा करत म्हणाला, "हो बाई. पोरीच्या औषधाचं सांगत होत्या. भांडी घासेन म्हणाल्या. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या, म्हणून मी..." त्याने डोकं पुन्हा माझ्या पोटात घातलं.

"ताई, अहो मग घरी का नाही सांगितलंत?" धाकटीचा आवाज फुटला. "इतकी वर्षं मी तुमच्या नावाने बोटं मोडत बसले!"

"घरी आपण बोलतो का?"

मग धाकटीने चादरीसकट थोरलीला मिठी मारली. दोघी त्याच चादरीला डोळे पुसायला लागल्या, आणि मुकादम माझ्या पोटातून ओरडला, "अहो, दवाखान्याची आहे ती! पुन्हा धुवावी लागेल!"

"धुवा मग!" दोघी एकदम म्हणाल्या.

त्या दिवशी त्या इतक्या बोलल्या, की मुकादमाने दोनदा शिट्टी वाजवली आणि नंतर नाद सोडला. सासऱ्यांपासून सुरुवात झाली ती पोरीच्या शाळेपर्यंत. चादरींचे डोंगर उतरत गेले. मी मोडून पडलेला होतो आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस तो होता. खरं सांगतो, उद्या पट्टा मिळूच नये, असं मला वाटत होतं.

पण तो मिळाला. मेकॅनिकने माझा डोळा फडक्याने पुसला आणि ते फडकं मुकादमाच्या नाकासमोर धरलं. "बघा. नुसता कापूस. रोज पुसला असता तर पट्टा तुटला नसता." मला सगळं लख्ख दिसायला लागलं. पहिल्यांदा दिसली ती पिशवी उचलून निघालेली धाकटी; पट्टा बसेपर्यंत तिला पुन्हा बोलावलं होतं.

या वेळी थोरलीने तिला जाऊ दिलं नाही. तिचा हात धरून ती मुकादमासमोर उभी राहिली. "साहेब, माझी एक नोकरी आहे ना, ती दोघींत वाटून द्या. सकाळी मी, दुपारी ही. एक आजारी पडली तर दुसरी येईल. रजेची भानगडच नको."

मालकांनी दोन दिवस विचार केला. शेवटी हो म्हणाले. रजेपायी काम अडणार नव्हतं, म्हणून म्हणाले असतील. पण आणखीही काही असावं, कारण त्यांनी डाग असलेलं मनगट चोळत दोघींकडे बराच वेळ पाहिलं होतं.

सगळं छान झालं, असं मी सांगणार नाही. वाढलेला पगार अर्धा केला, तर तो जुन्या पगारापेक्षाही कमी भरतो. दोघी अजून काटकसरीने राहतात. धाकटी सकाळी दोन घरची भांडी घासूनच येते. घरात चुली अजून दोन आहेत, भाऊ अजून एकमेकांकडे बघून घसा खाकरतात. पण प्लायवूडच्या भिंतीत आता एक दार पाडलंय म्हणे. पोरगी खोकली की दोन्हीकडून माणसं उठतात.

हे मला कसं कळलं? दुपारी पाळी बदलताना दोघी माझ्यासमोर दोन मिनिटं भेटतात, तेव्हा कानावर पडतं. नाहीतर मला कुणी काही सांगत नाही. हो, मित्रांनो. त्या दिवसापासून थोरली माझ्याशी बोललेली नाही. "जावईबापू" म्हणणंही सुटलं. ती येते, कोपरे ठेवते, सोडते. मनात काही आलं तर ते घरी नेऊन सांगते. माझी गरज संपली, आणि ती संपली हे किती चांगलं झालं, हे मला कळतं. तरी एखादी चादर गिळताना मी उगीच जरा रेंगाळतो.

किमान पगार पुन्हा वाढणार आहे, असं ऐकतो. वाढू दे, वाढायलाच हवा. पण मालकांच्या टेबलावर एका नव्या यंत्राचं चित्र आलंय. ते जमिनीवरची चादर स्वतःच उचलतं म्हणे. मग मी भंगारात जाईन. त्याचं मला वाईट वाटत नाही. यंत्राला म्हातारपण असंच येतं. थोरली आणि धाकटी कुठे जातील, याचा मात्र घोर लागलाय.

तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणी मालक व्हाल, कुणी मुकादम, कुणी चष्मा लावून माझ्यासारखी यंत्रं बनवाल. एवढंच करा. यंत्राचा डोळा रोज पुसा. आणि ज्या माणसाच्या जागी ते उभं करणार असाल, त्याची हजेरी बघाल तशी त्याची पोरगीही बघा. त्याच्यासमोर उभं राहून काय ठरलंय, का ठरलंय ते तोंडाने सांगा, आणि त्याला काय म्हणायचंय ते ऐकून घ्या. बटण त्याच्यानंतर दाबा.

काल संध्याकाळी काम संपल्यावर धाकटीने फडकं घेऊन माझा डोळा पुसला. तिचा चेहरा अगदी जवळ होता, कोपरे हातात देताना असायचा तितका जवळ. मला वाटलं, आता बोलेल.

"चला, ताई वाट बघत असतील," ती म्हणाली. ते ती स्वतःशीच म्हणाली होती. मग तिने माझं बटण बंद केलं आणि ती घरी गेली.